एसएलसी ५/०५ वरून कॉम्पॅक्टलॉजिक्सवर जाताना एन७, बी३ चे टॅग कसे करावेत?

सीआयपी_लाइन

दूध प्रक्रियेच्या प्लांटमधली सीआयपी यंत्रणा (टाक्या-पाइप न सोडवता जागेवरच धुणारी) एसएलसी ५/०५ या जुन्या पीएलसीवर (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आहे. दहा स्लॉटचं एकच रॅक: १७४६-आयबी१६ (डिजिटल इनपुट) चार, ओबी१६ (डिजिटल आउटपुट) तीन, एनआय४ (ॲनालॉग इनपुट) एक, एनओ४आय (ॲनालॉग आउटपुट) एक. आता प्रोसेसरच्या जागी १७४७-एईएनटीआर ॲडॉप्टर बसवून तेच रॅक ईथरनेटवर ठेवायचं आणि वर नवा कंट्रोलर, कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३८०, लावायचा, असं ठरलंय. म्हणजे फील्डच्या वायरींना हात लागणार नाही.

प्रोग्रॅम चौदा लॅडर (पीएलसीची शिडीसारखी आकृती-भाषा) फाइलींचा, साधारण ९०० ओळी. निम्म्या पत्त्यांना सिम्बॉल आहेत, उरलेल्यांना फक्त आकडे. सहा रेसिपी (धुण्याचे ठरलेले क्रम) एन१० ते एन१५ मध्ये आहेत (एन म्हणजे १६ बिटी आकड्यांची फाइल, बी म्हणजे बिटांची). प्रत्येकीत १२ पायऱ्या, पायरीमागे ५ शब्द: वेळ (सेकंद), तापमान (दहापट, म्हणजे ७५.० अंशाला ७५०), फ्लो, व्हॉल्व्ह मास्क अ (१६ व्हॉल्व्ह) आणि मास्क ब (८ व्हॉल्व्ह). चालू पायरी एन[एन७:५]:[एन७:६] अशा इनडायरेक्ट पत्त्याने (फाइल आणि शब्दाचा नंबर दुसऱ्या शब्दांतून घेऊन) वाचली जाते.

पॅनेलव्ह्यू प्लस (ऑपरेटरचा स्क्रीन) आहे, वर ओपीसीतून (डेटा देवाणघेवाणीचं मानक) स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर) आहे, आणि बॉयलरचा वेगळा एसएलसी एमएसजीने (मेसेजच्या सूचनेने) एन७:१०० पासून १० शब्द वाचतो.

मायग्रेशन टूल चालवलं की एन७[०], बी३[०].५ असे ॲरे मिळतात आणि त्यांवर प्लांट चालेलही. पण मग नावाच्या टॅगवर कधी आणि कसं जायचं? आधीच नावं देऊन टाकावीत का? शटडाऊन रात्री ११ ते पहाटे ४ एवढाच मिळतो, कारण पहाटे दूध येतं.

जुना_लॅडर

दोन टप्प्यांत करा. कंट्रोलर आणि नावं एकाच रात्री बदललीत, तर पहाटे साडेतीनला एखादा व्हॉल्व्ह उघडला नाही की दोष वायरीचा, टूलचा की तुमच्या नामकरणाचा, हे शोधायलाच वेळ पुरणार नाही. पहिल्या रात्री ॲरेवरच चालवा. एन७[१०] दिसायला कुरूप असेल, पण जुन्या छापील लॅडरशी ओळीला ओळ ताडून बघता येतं, आणि त्या रात्री तेच कामाचं.

टूल काय करतं ते आधी समजून घ्या. एन फाइलचा इंट (१६ बिटी पूर्णांक) ॲरे होतो, एफ चा रिअल (दशांशी आकडा), टी चा टायमर. सिम्बॉल असतील तर त्यांचे एलिआस टॅग होतात, पण एलिआस म्हणजे जुन्याच घरावर लावलेली नवी पाटी. मेमरी तीच, शेजार तोच. जिथे टूलला खात्री नसते तिथे ते ओळीत पीसीई ('इथे रूपांतर चुकलं असू शकतं' अशी खूण) घालून ठेवतं. सगळे पीसीई शोधून, एकेक वाचून, मगच काढा. कम्पाइल व्हावं म्हणून सरसकट पुसले तर ते सांगत होते तो धोका तसाच राहतो.

तुमच्याकडे हमखास पीसीई किंवा एरर येणार अशा जागा:

एन[एन७:५]:[एन७:६]. फाइल नंबरच इनडायरेक्ट आहे. लॉजिक्समध्ये 'फाइल नंबर' ही गोष्टच नाही, त्यामुळे हे आपोआप होणार नाही. इथे पहिल्याच रात्री हात घालावा लागेल.

एस:२४ वापरून केलेलं इंडेक्स्ड ॲड्रेसिंग, म्हणजे # लावलेले पत्ते. लॉजिक्समध्ये इंडेक्स रजिस्टर नाही.

एस फाइलचे बाकी पत्ते. पहिल्या स्कॅनचा (प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीचा) एस:१/१५ आता एस:एफएस. घड्याळाचे एस:३७ ते एस:४२ जीएसव्हीने (कंट्रोलरची माहिती वाचणारी सूचना) वॉलक्लॉकटाइममधून आणायचे. लोकलडेटटाइमला सात डिंटचा (३२ बिटी पूर्णांक) ॲरे द्या: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, मायक्रोसेकंद.

एससीपी, म्हणजे स्केलिंगची सूचना. लॉजिक्सच्या लॅडरमध्ये ती नाही. एक छोटा एओआय (स्वतः बनवलेली सूचना) करून सगळीकडे तोच वापरा.

बीएसएल, बीएसआर (बिट सरकवणाऱ्या सूचना) असतील तर त्यांना डिंट ॲरे लागतो. इंट ॲरे चालत नाही.

दुसऱ्या टप्प्याची तयारी मात्र आजच सुरू करा, कारण खरं काम संगणकावर नाही, वहीत आहे. आरएसलॉजिक्स ५०० मधून डेटाबेस सीएसव्हीत काढा. मूळ प्रोजेक्ट फाइल जपा: एसएलसीच्या प्रोसेसरमध्ये सिम्बॉल आणि कॉमेंट राहत नाहीत, नुसता अपलोड घेतला तर उघडे पत्तेच हाती लागतात. एक्सेलमध्ये रकाने असे: जुना पत्ता, सिम्बॉल, कोण लिहितं, कोण वाचतं, बिट म्हणून की शब्द म्हणून, एकक, नवं नाव. यातले मधले तीन रकाने भरायला दिवस जातात आणि तेच टाळले जातात.

'कोण लिहितं' यात क्रॉस रेफरन्सवर (कुठला पत्ता कुठे वापरलाय ती यादी) भरवसा ठेवू नका. पॅनेलवरून लिहिलेला पत्ता, स्काडाने लिहिलेला पत्ता, दुसऱ्या पीएलसीच्या एमएसजीने वाचलेला पत्ता आणि इनडायरेक्टने गाठलेला पत्ता, यांतलं काहीच लॅडरच्या क्रॉस रेफरन्समध्ये दिसत नाही. लॅडरमध्ये कुठेच नसलेला एन७:८७ 'मोकळा' समजून काढाल आणि नेमका तोच शिफ्ट रिपोर्टचा काउंट निघेल. पॅनेलच्या टॅगची यादी आणि ओपीसीची आयटम यादी काढून त्याच एक्सेलला जोडा.

'बिट म्हणून की शब्द म्हणून' हे त्याहून महत्त्वाचं. अलार्मचे १६ बिट एन७:५० मध्ये आहेत असं धरा. पन्नास ठिकाणी एन७:५०/३, एन७:५०/७ असं येतं आणि एका कोपऱ्यात 'एन७:५० शून्य नाही तर हूटर' अशी ओळ असते. १६ बिटांचे १६ बूल टॅग केले की कम्पाइल होईल, पण हूटर कायमचा मुका होईल. तसंच सीएलआर बी३:४ किंवा पहिल्या स्कॅनला एफएलएल ० #बी३:० १० अशी ओळ शोधा. ती एका दमात १६० बिट पुसते. त्यातले कुठले मुद्दाम पुसायचे होते आणि कुठले शेजारी होते म्हणून पुसले जातात, हे आज लिहून ठेवा. नाव देणं तासाभराचं काम आहे. पत्त्यांचा हा शेजारधर्म उलगडायला वेळ लागतो.

पॅनेल_टू_फील्ड

वरच्यात टायमरचं राहिलं, आणि सीआयपीत सगळ्यात महागात पडेल ते तेच.

एसएलसीत टायमरचा टाइमबेस ०.०१ किंवा १.० सेकंद. लॉजिक्समध्ये प्रीसेट कायम मिलिसेकंदात. टायमरच्या आत लिहिलेला ठरीव प्रीसेट टूल बदलून देतं (तरी यादीशी एकदा पडताळा). पण तुमच्या वेळा रेसिपीतून एमओव्हीने (आकडा हलवणारी सूचना) टी४:२०.पीआरईमध्ये (टायमरचा प्रीसेट) जातात. त्या ओळीत फक्त 'अमुक शब्द तमुक शब्दात टाक' एवढंच आहे, त्यामुळे टूल ती तशीच ठेवेल. परिणाम बघा: कॉस्टिकची ६०० सेकंदांची पायरी ०.६ सेकंदात संपेल. बारा पायऱ्या डोळ्यादेखत पळतील, शेवटी 'सीआयपी पूर्ण' दिवा लागेल आणि टाकी धुतलेलीच नसेल. अलार्म एकही येणार नाही.

एमओव्हीच्या जागी एमयूएल, गुणिले १०००, आणि उत्तर थेट टी४[२०].पीआरईमध्ये. मध्ये इंट टॅग घेऊ नका. ६०० गुणिले १००० म्हणजे ६,००,०००, ते इंटमध्ये मावत नाही. वरचे बिट गळून १०,१७६ उरतात. म्हणजे दहा मिनिटांऐवजी दहा सेकंद. कंट्रोलर याला फक्त मायनर फॉल्ट धरतो, थांबत नाही. एसएलसीत मॅथ ओव्हरफ्लोचा ट्रॅप बिट एस:५/० स्कॅनअखेर तसाच राहिला तर प्रोसेसर फॉल्टला जायचा. ती सवय डोक्यात असेल तर ती काढून टाका.

मग .एसीसी (टायमरची आतापर्यंत झालेली वेळ) शोधा. 'टी४:२०.एसीसी ३०० हून जास्त झाला की सॅम्पल व्हॉल्व्ह उघड' अशी तुलना असेल तर तिथे ३,००,००० हवं. पॅनेलवर 'उरलेला वेळ' दाखवत असाल तर तिथेही भागिले १०००. आणि पीआरई ऋण गेला तर लॉजिक्समध्ये मेजर फॉल्ट आहे, टाइप ४ कोड ३४. रेसिपीत कुणी उणे आकडा टाकू शकत असेल तर पॅनेलच्या इनपुटला किमान मर्यादा घाला.

ॲनालॉगचं: रॅक तेच ठेवताय म्हणून आकडे तेच राहतील. एनआय४ वर ४ ते २० मिलिॲम्प म्हणजे ३२७७ ते १६३८४, एनओ४आय वर ६२४२ ते ३१२०८. पुढे कधी ५०६९ चे कार्ड लावाल तेव्हा चॅनलचा डेटा रिअलमध्ये, कार्डातच स्केल होऊन येईल आणि हे चारही आकडे चुकीचे ठरतील. म्हणून स्केलिंग आत्ताच एका रुटीनमध्ये गोळा करा. बाकी प्रोग्रॅमला फक्त अंश सेल्सिअस आणि लिटर प्रति तास दिसू द्या. ३२७७ हा आकडा प्रोग्रॅममध्ये एकदाच सापडला पाहिजे.

पीआयडी (तापमान, फ्लो सेटपॉइंटवर राखणारी सूचना) असेल तर एसएलसीचा २३ शब्दांचा कंट्रोल ब्लॉक विसरा. नवा पीआयडी टॅग करा, पीरिऑडिक टास्कमध्ये ठेवा आणि .यूपीडीमध्ये त्या टास्कचाच कालावधी सेकंदांत लिहा. जुने गेन जसेच्या तसे उतरवू नका, पुन्हा ट्यून करा.

सीआयपी_लाइन

धन्यवाद. टायमरची ओळ अगदी तशीच आहे, एमओव्हीच.

रेसिपीसाठी असा यूडीटी (आपण ठरवलेली डेटा-रचना) डोक्यात आहे (टॅगची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीतच लागतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय):

सीआयपी_स्टेप: टाइम_सेक डिंट, टेम्प_एसपी रिअल, फ्लो_एसपी रिअल, व्हॉल्व्ह_मास्क डिंट
सीआयपी_रेसिपी: स्टेप[१२] हा सीआयपी_स्टेपचा ॲरे
रेसिपी[६] हा सीआयपी_रेसिपीचा ॲरे

मग रेसिपी[आरसीपी_नं].स्टेप[स्टेप_नं].टाइम_सेक. दोन मास्कचा एकच डिंट करून २४ व्हॉल्व्ह त्यात बसवायचे. यात काही अडचण?

मास्क_अँड_मूव्ह

रचना उत्तम. दोन खड्डे आहेत, दोन्ही ठरलेले.

पहिला मास्कचा. मास्क अ इंट आहे, १६ वा व्हॉल्व्ह म्हणजे बिट १५, आणि बिट १५ हा इंटचा चिन्हाचा बिट. तो व्हॉल्व्ह चालू असलेल्या पायरीत मास्क अ चा आकडा ऋण होतो. तो एमओव्हीने डिंटमध्ये टाकला की कंट्रोलर चिन्ह जपण्यासाठी वरचे सगळे १६ बिट १ करतो. म्हणजे १६ नंबरचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला की १७ ते २४ सगळे उघडतात. टेबलावर १ ते १५ तपासून 'ठीक' म्हणालात तर हे दिसणारच नाही. यावर दोन उपाय. मास्क अ आणि मास्क ब तुमच्याकडे शेजारी आहेत, तर एन१०[३] पासून सीओपीने एका डिंटवर टाका, लेंग्थ १. सीओपी बिट जसेच्या तसे उचलतो आणि पहिला इंट खालच्या अर्ध्यात बसतो, म्हणजे तुम्हाला हवं तेच. लेंग्थ डेस्टिनेशनच्या घटकांत मोजतात हे लक्षात ठेवा. सवयीने २ लिहिलंत तर पुढची पायरीही ओढली जाईल. दुसरा उपाय, एमओव्हीनंतर ६५५३५ शी एएनडी करून वरचा भाग साफ करा आणि मग मास्क ब १६ बिट वर सरकवून मिळवा. सीओपी सोपा.

दुसरा खड्डा स्टेप[१२]. ॲरेचे इंडेक्स ० ते ११. जुन्या प्रोग्रॅममध्ये एन१० फाइल किती शब्दांची आहे ते बघा. बहुतेक वेळा रेसिपी ६० शब्दांची आणि फाइल १०० ची केलेली असते. शेवटच्या पायरीनंतर पायरी नंबर १२ होतो, एकदा एन१०:६० वाचलं जातं, तिथे शून्य असतं, आणि पुढच्या ओळीत '१२ झाले, संपलं' अशी तपासणी येते. एसएलसीत कुणाला पत्ता लागत नाही. लॉजिक्समध्ये स्टेप[१२] वाचताक्षणी मेजर फॉल्ट, टाइप ४ कोड २०, आणि कंट्रोलर थांबतो. तपासणीची ओळ आधी आणा. शिवाय रेसिपी वाचणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला स्टेप_नं आणि आरसीपी_नं दोन्हींवर एलआयएम (मर्यादेची तपासणी) लावा, कारण रेसिपी नंबर पॅनेलवरून येतो आणि तिथे ६ टाइप होऊ शकतो. स्टेप[१३] करून एक रिकामी पायरी ठेवणं हीसुद्धा चालणारी पळवाट आहे, पण मी ती घेणार नाही. पुढच्या माणसाला ती कळत नाही.

यूडीटीबद्दल एक सूचना. वापरात असलेला यूडीटी ऑनलाइन बदलता येत नाही, एओआयही नाही. 'कंडक्टिव्हिटी सेटपॉइंट राहिला' असं सहा महिन्यांनी आठवलं तर डाऊनलोड आणि थांबा आलाच. म्हणून सीआयपी_स्टेपमध्ये आत्ताच दोन रिअल आणि एक डिंट राखीव ठेवा. रोज चालणाऱ्या प्लांटमध्ये ती १२ बाइट स्वस्तच पडतात.

व्हॉल्व्हसाठीही यूडीटी करा: कमांड, उघडल्याचा फीडबॅक, बंद झाल्याचा फीडबॅक, मॅन्युअल, फॉल्ट. बूल एकमेकांना लागून ठेवा, मधे डिंट घालू नका. लागून असले तर एकत्र गुंडाळले जातात. सुटा बूल टॅग एका बिटासाठी गरजेपेक्षा जास्त जागा खातो.

स्टेप७_वाला

सीमेन्सवाल्यांना हेच दुखणं, जागा वेगळी. एसएलसीत निदान एन७:२० आणि एन७:२१ एकमेकांत घुसत नाहीत. एस७-३०० मध्ये एमडब्ल्यू२० म्हणजे एमबी२० आणि एमबी२१; एम२१.० हा त्याच शब्दाच्या खालच्या बाइटमधला बिट. एमडब्ल्यू२० आणि एमडब्ल्यू२१ दोन्ही वापरले असतील तर एक बाइट सामायिक आहे, आणि ते कधी मुद्दाम असतं तर कधी चुकून वीस वर्षं चाललेलं असतं. एस७-१५०० च्या ऑप्टिमाइज्ड डीबीत (डेटा ब्लॉक) ऑफसेटच नसतात, त्यामुळे नावावर जाताना ही सगळी सामायिक घरं आधी शोधावी लागतात.

स्काडा थेट डीबी१०.डीबीडब्ल्यू४ असे पत्ते वाचत असेल तर तेवढा डीबी ऑप्टिमाइज्ड करू नका, आणि सीपीयूच्या प्रोटेक्शनमध्ये पुट/गेटची (बाहेरून वाचण्या-लिहिण्याची) परवानगी टिक करा. १५०० मध्ये ती मुळात बंद असते. साध्या डीबीत मधोमध एक शब्द घातला की खालचे सगळे पत्ते सरकतात आणि स्काडा निमूटपणे चुकीचे आकडे दाखवतो. नवीन काही घालायचं तर शेवटी.

टायमर तिथेही आहेतच: एस५टाइम (जुना टायमर प्रकार) २ तास ४६ मिनिटं ३० सेकंदांच्या पुढे जात नाही, म्हणून लांब वेळेसाठी जुन्यांनी टायमरला काउंटर जोडलेला असतो. नव्या 'टाइम' प्रकारावर जाताना तो काउंटर काढायला विसरू नका.

जुना_लॅडर

पॅनेल आणि बॉयलरचं उत्तर राहिलं होतं.

बॉयलरचा एसएलसी एन७:१०० मागतच राहणार, त्याला टॅग कळत नाहीत. स्टुडिओ ५००० मध्ये लॉजिक मेनूत 'मॅप पीएलसी/एसएलसी मेसेजेस' आहे. तिथे फाइल नंबर ७ ला एन७ हा टॅग जोडा. टॅग कंट्रोलर स्कोपचा हवा, प्रोग्रॅम स्कोपचा चालत नाही. दुसऱ्या टप्प्यात एन७ मोडाल तेव्हा हा धागा तुटेल. त्यासाठी 'बॉयलर_टपाल' असा ११० इंटचा वेगळा ॲरे करा, फाइल ७ त्याला जोडा आणि फक्त १०० ते १०९ या घरांत खरे टॅग एमओव्ही करा. शंभर घरं फुकट जातात. जाऊ द्या. बॉयलरच्या प्रोग्रॅमला हात लावण्यापेक्षा ते बरं.

पॅनेलमध्ये पहिल्या टप्प्यात [सीआयपी]एन१०:० च्या जागी [सीआयपी]एन१०[०] एवढाच बदल. दुसऱ्या टप्प्यात तापमान रिअल झालं की पॅनेलच्या टॅगमधलं भागिले १० काढायचं, नाहीतर ७५ अंश ७.५ दिसेल. त्याहून वाईट म्हणजे ऑपरेटर ७५ टाकेल आणि कंट्रोलरला ७५० मिळेल. हा बदल पॅनेल आणि कंट्रोलर दोन्हींत एकाच वेळी गेला पाहिजे. अर्धा बदल करून ठेवू नका. व्हॉल्व्हचा यूडीटी झाला की पॅरामीटर फाइल वापरून एकच फेसप्लेट २४ व्हॉल्व्हना वापरा. २४ स्क्रीन पुन्हा काढत बसू नका.

नावावर आल्याचा एक फायदा लगेच घ्या: एक्स्टर्नल ॲक्सेस. पॅनेलला आणि स्काडाला फक्त वाचायचं ते 'रीड ओन्ली', आतल्या कामाचं 'नन'. एसएलसीत स्काडावरून कुणीही एन७ च्या कुठल्याही घरात काहीही लिहू शकत होतं.

पॅनेल_टू_फील्ड

एक लहान पण त्रासदायक गोष्ट. एसएलसी स्कॅनच्या सुरुवातीला इनपुट वाचतो, शेवटी आउटपुट लिहितो. लॉजिक्समध्ये आय/ओ आपल्या आरपीआयने (कार्डाला ठरवून दिलेल्या अंतराने), स्कॅनची वाट न बघता बदलतं. एकाच स्कॅनमध्ये ओळ १० ला लेव्हल स्विच ० आणि ओळ ४०० ला तोच १, हे होऊ शकतं. पायरी बदलणारं लॉजिक यात अडखळतं: एका ओळीनं पायरी सोडली, दुसरीनं पकडली नाही. पहिल्या रुटीनमध्ये सगळे इनपुट बफर टॅगमध्ये घ्या, शेवटच्यात आउटपुट बाहेर टाका, मधल्या प्रोग्रॅमला कार्डाचा पत्ता दिसूच देऊ नका. टॅगना नावंही इथेच द्या. पुढे कार्ड बदललं तर बदल या दोन रुटीनपुरताच राहतो.

सीआयपी_लाइन

पहिला टप्पा ॲरेवर, रेसिपीची ओळ आणि टायमर तेवढे सुधारून, असं पक्कं करतो. दुसऱ्या टप्प्यात फाइंड-रिप्लेसने नावं बदलायची की एलिआस आधी करून नंतर सोडवायचे? आणि रेसिपीचे चालू आकडे यूडीटीत कसे आणायचे?

मास्क_अँड_मूव्ह

रिप्लेस करताना बी३[१].१ शोधलंत तर बी३[१].१० ते बी३[१].१५ हेही सापडतात. 'सगळं बदला' दाबलं की पंप_रन च्या शेपटीला ०, १, २ चिकटलेली सहा नसलेली नावं तयार होतात. 'होल वर्ड' टिक करा, आणि तरीही १५ पासून ० कडे, उलट्या क्रमाने बदला. एन७[१] ला हा त्रास नाही, कंस बंद होतो. पण एन७[१].३ असा बिट कुठे वापरला असेल तर तो आधी निपटा.

एलिआसचा मार्ग मला सुरक्षित वाटतो, पण बिटांपुरता. लॅडरमध्ये एलिआस टाकला की त्याखाली मूळ पत्ता दिसत राहतो, ताडून बघायला सोपं. एका फाइलचे सगळे बिट एलिआसवर आले, शब्द म्हणून वापर एकही उरला नाही, की मग एलिआसचे बेस टॅग करा आणि बी३ चा क्रॉस रेफरन्स रिकामा झाल्याची खात्री करूनच ॲरे पुसा. आठवड्याला एक फाइल, ऑफलाइन, आणि पुढच्या शटडाऊनला डाऊनलोड. सगळ्या ९०० ओळींना सुंदर नावं हवीतच असं नाही. एका रुटीनच्या आतले तात्पुरते बिट ॲरेतच राहिले तरी कुणाचं अडत नाही.

नावांना मर्यादा: ४० अक्षरं, सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोअरने, सलग दोन अंडरस्कोअर नाहीत, शेवटी अंडरस्कोअर नाही. लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं. नाव पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांच्या) ड्रॉइंगवरच्या नंबरावरून ठेवा, व्ही१०४ असेल तर व्ही१०४. 'कॉस्टिक_रिटर्न_व्हॉल्व्ह' हे डिस्क्रिप्शनमध्ये लिहा. रात्री दोनला फोनवर बोलणारा ऑपरेटर व्हॉल्व्हवरच्या पट्टीवरचा नंबर वाचून सांगतो.

रेसिपीचे आकडे एका वेगळ्या रुटीनने आणा. ते एकदाच चालवायचं, एका बिटावर. रेसिपी नंबर ० ते ५ आणि पायरी ० ते ११ असा फेरा. एन१० ते एन१५ हे सहा वेगळे ॲरे आहेत, त्यामुळे प्रत्येकाला ओळींचा एक संच लागेल. वेळ एमओव्ही, तापमान भागिले १० (डेस्टिनेशन रिअल हवं, मध्ये इंटमध्ये ठेवलंत तर ७२.५ चा दशांश जातो), फ्लो एमओव्ही, मास्क सीओपी. चालवून झाल्यावर ७२ च्या ७२ पायऱ्या छापील यादीशी ताडा आणि रुटीन काढून टाका.

एसएलसीचा शेवटचा अपलोड शटडाऊनच्या रात्री ११ वाजता, प्लांट थांबल्यावर घ्या. आठवड्यापूर्वीच्या फाइलवरून रेसिपी आणलीत तर मधल्या काळात पॅनेलवरून बदललेले सेटपॉइंट हरवतील.

पहिली सीआयपी नुसत्या पाण्यावर, केमिकलचे पंप बंद ठेवून. एक माणूस घड्याळ घेऊन प्रत्येक पायरी मोजेल, दुसरा व्हॉल्व्हसमोर उभा राहून यादीतल्या मास्कशी टिक करेल. १६ नंबरचा व्हॉल्व्ह असलेली पायरी आणि शेवटची पायरी या दोन चुकवू नका. ॲडॉप्टर काढून जुना प्रोसेसर परत स्लॉट ० मध्ये बसवायला फार वेळ लागत नाही, तेव्हा पावणेतीनपर्यंत पाण्याची फेरी नीट उतरली नाही तर परत फिरा. प्रोसेसरची १७४७-बीए बॅटरी आधीच नवी घालून ठेवा. तो टेबलावर पडून प्रोग्रॅम विसरला तर परतीची वाटही बंद.